सातवं व्रत आणि साबणाची वडी

आपल्या स्थानकवासी घरांतल्या बायका सांजेच्या प्रतिक्रमणात सातवं व्रत म्हणतात, उपभोग-परिभोग परिमाणाचं. त्यात सव्वीस बोल येतात. पाठ इतका पक्का की जीभ कुठे अडत नाही आणि मनही कुठे थांबत नाही. एकदा थांबून मोजा. या सव्वीसांपैकी पहिले अकरा बोल खाण्याचे नाहीतच. अंग पुसायचं वस्त्र, दातवण, फळ, तेल, उटणं, आंघोळीचं पाणी, कपडे, लेप, फुलं, दागिने आणि धूप. पेयं, पक्वान्नं, भात, डाळी, भाज्या हे सगळं त्यानंतर येतं. म्हणजे शास्त्रकारांनी आधी न्हाणीघराचा हिशेब मागितला आणि मग स्वयंपाकघराचा.

आपण मात्र उलटं करतो. कंदमूळ सोडतो, रात्रिभोजन सोडतो, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे का ते चष्मा लावून बघतो. तोंड धुवायला घेतलेल्या साबणाच्या वडीत काय आहे, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. कावून सुचत नाही, याला एक इतिहास आहे, आणि तोच मला इथे सांगायचा आहे.

सुरुवात त्या तिसऱ्या बोलापासून करू. फळ म्हटलं की आपण खायचं फळ समजतो. पण ते दातवण आणि तेल यांच्या मधोमध काय करतं आहे? टीकाकार सांगतात, हे फळ केस धुवायचं आहे. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात आनंद श्रावकाची कथा येते. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, आणि दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं. त्याने भगवान महावीरांजवळ बारा व्रतं घेतली आणि त्याची पत्नी शिवानंदा हिनेही घेतली. व्रत घेताना आनंदाने एकेक वस्तू नाव घेऊन ठरवली आणि त्यापलीकडचं सगळं सोडलं.

ती यादी आज वाचली तर एखाद्या दुकानाच्या फळीवरची वाटेल. दातांसाठी ज्येष्ठमधाची ओली काडी. केसांसाठी कोवळा, दुधाळ आवळा. अंगाला शतपाक आणि सहस्रपाक तेल. उटण्याला सुवासिक पीठ. आंघोळीला मापाचे आठ घडे पाणी. लेपाला अगरू, केशर आणि चंदन. फुलांत पांढरं कमळ आणि मालतीची माळ. शतपाक म्हणजे काय, याचे अकराव्या शतकातले टीकाकार अभयदेवसूरी एकाहून जास्त अर्थ देतात : शंभर वेळा कढवलेलं, शंभर औषधी घातलेलं, किंवा शंभर नाणी किंमत पडलेलं. अर्थ कोणताही घ्या, तेल साधंसुधं नव्हतं. आनंद काही फकीर झाला नव्हता. त्याला चांगलं तेल हवं होतं, चंदनही हवं होतं. पण दोन गोष्टी त्याच्याकडे होत्या : प्रत्येक वस्तूचं नाव त्याला माहीत होतं आणि प्रत्येक वस्तूची हद्द त्याने आखली होती.

दिगंबर परंपरेतही हेच आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण सांगताना स्नान आणि अंगराग यांचा वेगळा उल्लेख येतो. तिथे एक सोयही दिली आहे. नियम आजच्या दिवसापुरता, एका रात्रीपुरता, पंधरवड्यापुरता, महिन्यापुरता, ऋतूपुरता किंवा सहा महिन्यांपुरता घेता येतो. ही सोय लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता आपल्या आदिलाबादकडे येऊ. पैनगंगेच्या अलीकडचा हा जिल्हा १९०५ साली निजामाच्या राज्यात झाला. इथे मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू आणि आपली मारवाडी एकाच बाजारात ऐकू येते. न्हाणीघरातही या भाषा एकत्र नांदल्या. आपण दिवाळीला उटणं लावलं, शेजारच्या तेलुगू घरात सुन्नीपिंडी झाली. त्यांची मूग-उडदाची डाळ, तांदूळ आणि हळद. आपलं बेसन, हळद आणि साय. आपण जिला रिठा म्हणतो, ती त्यांची कुंकुडकाया. बतुकम्मा रचताना जी पिवळी तंगेडू लागते, ती आपली तरवड. तिची वाळवलेली फुलंही अंगाला लावायच्या पिठात पडतात. हळदीसाठी तर शेजारच्या निजामाबादचा बाजारच प्रसिद्ध. आणि तिळाचं तेल? नारनूरच्या खामदेव जत्रेत गोंडांच्या तोडसम कुळातली आत्या दरवर्षी तिळाचं तेल पिते. पूर्वापार चालत आलेला तो नेम आहे. इकडे तेच तेल बाळंतिणीच्या अंगाला लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. जे अंगाला लागायचं ते बहुतेक पोटातही जाऊ शकत होतं. बेसन, साय, दही, आवळा, हळद, तीळ, लिंबू हे सगळं स्वयंपाकघरातून न्हाणीत जायचं. रिठा तेवढा वेगळा, पण तोही घरातल्याच डब्यात. म्हणून न्हाणीसाठी वेगळा विचार करावा लागलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारात जी चाळणी बसवली होती, तिच्यातूनच अंगाचं सामान गाळून निघायचं. जे खायला चालत नाही ते घरातच येत नव्हतं, मग अंगाला लागणार कुठून? आपल्या आज्यांना सामग्रीची यादी वाचावी लागली नाही, कारण यादी त्यांनीच निवडून, वाटून, चाळून केलेली होती.

हे सामान काम कसं करतं, तेही समजून घेऊ. रिठा आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो. त्याचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून केसांतलं तेल आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो. साबणही हेच करतो. फरक असा की साबणाचं पाणी क्षारधर्मी असतं. त्याने केस राठ होतात. शिकेकाईचं पाणी थोडं आंबट असतं, त्यामुळे केस मऊ राहतात. बेसन आणि डाळीचं पीठ तेलकटपणा शोषून घेतं. तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल त्वचेतलं पाणी उडू देत नाही. पण घरचं म्हणजे नेहमी निर्धोकच असंही नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की आग होते, आणि लिंबू नुसतं चेहऱ्यावर चोळून उन्हात गेलं तर डाग पडतात.

जुनं सगळं निर्मळ होतं असंही म्हणता येणार नाही. कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून येते. तिच्यासाठी हरणं मारली गेली. गोरोचन गाईच्या पित्ताशयातला खडा. पायाला लावायचा आळता मूळ लाखेच्या रंगाचा. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्यांनी अंगाभोवती बांधलेलं घर. फांदीवरून ती खरवडताना किडेही त्यात जातात. हैदराबादचा लाड बाजार लाखेच्या बांगड्यांसाठी नावाजलेला, आणि आपल्याकडच्या किती नवऱ्यामुलींच्या हातात त्या गेल्या! पण आनंद श्रावकाच्याच अध्ययनात श्रावकाने टाळायचे जे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांत लाखेचा व्यापार आहे, हस्तिदंताचा आहे, रसांचा आहे, केसांचा आहे आणि विषाचाही. म्हणजे वस्तू निसर्गातून आली एवढ्याने आपल्या पूर्वजांचं समाधान होत नव्हतं. ती कोणाला मारून आली, हे ते विचारत होते.

मग आली साबणाची वडी. १८८८ साली इंग्लंडात तयार झालेल्या सनलाइट साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. साबणाची कृती सोपी असते. चरबी किंवा तेल घ्यायचं, त्यात कॉस्टिक सोडा मिसळायचा. त्यातून साबण होतो आणि ग्लिसरिन सुटतं. आता ही चरबी कोणाची? भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकं होत होता. पण उत्तर युरोपात जनावरांची चरबी, म्हणजे टॅलो, स्वस्त आणि मुबलक. वडी घट्ट व्हायलाही ती चांगली. त्यामुळे ती साबणात रूढ झाली.

आपल्या देशात या प्रश्नाची जाण स्वदेशीच्या काळात आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी जनावरांची चरबी न घालता वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला आणि तसं उघड सांगून विकला. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानाने बंगळुरूला चंदन तेलाच्या साबणाचा कारखाना काढला. आपल्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याला १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत तेलघाणीवर काम झालं. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासून साबण हा एक स्वतंत्र उद्योगच मानला. निंबोळी, करंज आणि मोह यांच्या तेलाचा साबण.

मोह म्हटला की आदिलाबाद आलंच. इथल्या गोंड, कोलाम बायका उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचतात, नंतर बिया. त्या बियांचं तेल खाण्यात, दिव्यात आणि अंगाला. आपल्या जंगलातला डिंक, मोह असं वनोपज विकत घेण्यासाठी १९५६ साली गिरिजन सहकारी संस्था स्थापन झाली. कांडोळाच्या झाडाचा जो डिंक इथून जातो, तो शहरात लोशन घट्ट करायला वापरतात. दुकानातली सुंदर बाटली घेताना लक्षात येत नाही, पण तिच्यातला एखादा जिन्नस आपल्या उटनूरच्या बाजूने गेलेला असू शकतो. तो वेचणाऱ्या बाईला त्याचे किती पैसे मिळाले, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

साबणाच्या चरबीची खरी कळ आपल्या समाजाला लागली ती १९८३ साली. साबणाच्या कारखान्यांसाठी परदेशातून जी गाईची चरबी येत होती, ती वनस्पती तुपात मिसळली गेल्याचं उघड झालं. वर्तमानपत्रांतून आणि संसदेत रान उठलं. मी तेव्हा शाळेत होते. घरातला डालड्याचा डबा मोठ्या काकूंनी मागच्या अंगणात ओतला आणि डबासुद्धा घरात ठेवला नाही. सरकारने त्या चरबीची आयात बंद केली. साबणवाल्यांना मग पामतेल, तांदळाच्या कोंड्याचं तेल आणि इतर वनस्पती तेलांकडे आणखी वळावं लागलं. पण एक गोष्ट तेव्हाही कुणी विचारली नाही. ती चरबी तुपात मिसळली म्हणून आपण पेटून उठलो. साबणात तर ती राजरोस येत होती! पोटात गेली तर पाप आणि अंगाला लागली तर चालतं, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

कायद्यानेही हाच भेद पाळला. २००१ पासून खाण्याच्या पाकिटांवर शाकाहार-मांसाहाराच्या खुणा येऊ लागल्या. सौंदर्यप्रसाधनांवरही अशी खूण हवी, म्हणून दिल्लीतल्या एका नागरिकाने याचिका केली. १३ नोव्हेंबर २००२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. ग्राहकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे निवड करता आली पाहिजे, असा त्याचा रोख होता. कंपन्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ७ मार्च २०१३ रोजी तो आदेश रद्द झाला. २०२१ साली औषध तांत्रिक सल्लागार मंडळानेही ही खूण ऐच्छिक ठेवावी असंच सुचवलं. एक चांगलं मात्र झालं. २०१४ साली भारताने सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी घातली, आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवरही. सशाच्या डोळ्यांत शाम्पू घालून बघणं आपल्या देशात थांबलं.

म्हणजे इतिहासाचा निष्कर्ष असा, की अंगाचं सामान स्वयंपाकघरातून निघून कारखान्यात गेलं, पण आपली चाळणी स्वयंपाकघराच्या दारातच टांगलेली राहिली. आता ती आपल्यालाच न्हाणीघराच्या दारात आणून बांधायची आहे.

त्यासाठी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला शिकावं लागेल. अवघड नाही. सोडियम टॅलोएट लिहिलं असेल तर साबण जनावराच्या चरबीचा. सोडियम पामेट किंवा पाम कर्नेलेट म्हणजे पामतेलाचा, सोडियम कोकोएट म्हणजे खोबऱ्याच्या तेलाचा. टीएफएम ७६ टक्के असं मोठ्या अक्षरांत असतं. तो पहिल्या प्रतीच्या साबणाचा आकडा. त्याने स्निग्धांश किती ते कळतं, पण तो स्निग्धांश कोणाचा, ते कळत नाही. ग्लिसरिन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीचंही असतं, चरबीचंही असतं. ते कंपनीला विचारल्याशिवाय कळायचं नाही. सेरा आल्बा म्हणजे मधमाशीचं मेण. मेल म्हणजे मध. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं तेल. कार्माइन किंवा सीआय ७५४७० म्हणजे निवडुंगावरच्या किड्यांचा लाल रंग. ओठांच्या लालीत तो असतो. शेलॅक म्हणजे आपली लाख. केराटिन शिंगं, खूर, पिसं यांतून काढतात आणि कोलॅजन कातडी-हाडांतून किंवा माशांतून. रेशमाचं प्रोटीन कुठून येतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आता नैसर्गिक या शब्दाचं बघा. एका महिला मेळाव्यात ओठांना लावायच्या मलमाची डबी हाती आली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शंभर टक्के नैसर्गिक. मागे तीन मुख्य जिन्नस : मधमाशीचं मेण, मध आणि कार्माइन. विकणारी मुलगी खोटं बोलत नव्हती. तिन्ही निसर्गातलेच होते. आणि तिन्हींपैकी एकही आपल्याला चालणारा नव्हता. मांस आणि दारूच्या बरोबरीने आपल्याकडे मधाचा त्याग सांगितला आहे. हर्बल, आयुर्वेदिक, नॅचरल हे शब्द आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. काळी मेहंदी म्हणून जी विकली जाते, तिच्यात अनेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने कुणाकुणाला डोक्यावर फोड येतात. आणि उलटं, प्रयोगशाळेत तयार झालेला एखादा पदार्थ कोणत्याही जिवाला न दुखवता बनलेला असू शकतो.

हिरवा ठिपका ऐच्छिक का होईना, काही कंपन्या लावतात. तो बघून घ्यावा हे खरंच. पण तिथेही प्रश्न संपत नाही. पामतेलाच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया-मलेशियातली मोठी जंगलं तोडली गेली आणि त्यांत राहणारे जीव गेले. आपल्या तेलंगणातही ऑइल पामची लागवड वाढते आहे, तेव्हा ती कुठल्या जमिनीवर होते हे बघायला हवं. पावडरीत चमक येते ती अभ्रकाने. झारखंडच्या खाणींतून ते वेचताना लहान मुलं राबतात, हे अनेकदा उघड झालं आहे. पंधरा धंद्यांत जंगलतोडीचा धंदा आहे आणि जमीन फोडायचाही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती यादी आजच्या बाटलीलाही लागू पडते.

मग लावायचं तरी काय, असं कुणीही विचारेल. आणि खरंच, सगळंच शोधत बसलं तर अंघोळ कधी होणार? इथे आनंद श्रावकाची दुसरी गोष्ट उपयोगी पडते. त्याने एकेक वस्तूची हद्द आखली होती. वस्तू दोनच असतील तर त्या दोन्हींचा माग काढता येतो. न्हाणीघरात पंचवीस बाटल्या असतील तर एकीचाही काढता येत नाही. जैन धर्मात वनस्पतीलाही जीव आहे. आवळा तोडला तरी हिंसा आहेच, म्हणून त्याचीही मोजणी. हिंसा शून्य होत नाही, पण ती कमी करता येते आणि ती कुठे होते हे डोळ्यांसमोर ठेवता येतं. व्रताचा अर्थ मला तरी असाच समजतो.

समंतभद्रांनी दिलेली सोय आता उपयोगात आणू. मैत्रिणींनो, एका महिन्याचाच नियम घ्या. न्हाणीघरातल्या, आरशापुढच्या सगळ्या वस्तू एका सतरंजीवर मांडा. सुनेला, लेकीला बसवा. बारीक अक्षरं त्यांना चांगली दिसतात आणि इंग्रजी नावंही त्यांना पटकन वाचता येतात. प्रत्येक वस्तूवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला सांगा. जिचं मूळ कळलं आणि पटलं, ती ठेवा. जिचं कळत नाही, तिच्या कंपनीला विचारा. विचारणाऱ्या बायका वाढल्या की उत्तर द्यावंच लागतं. कायद्याने दिलं नाही ते ग्राहकाने मागून घेतल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि जी नसली तरी चालेल, ती पुन्हा आणू नका.

शिवानंदेनेही व्रत घेतलं होतं, पण तिची यादी सूत्रात आलेली नाही. आनंदाचीच आली. तिने कोणतं उटणं ठेवलं, कोणतं तेल सोडलं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आपली यादी आपण लिहू शकतो. वहीच्या एका पानावर मावेल एवढीच लिहावी.